दारावरचा स्टिकर म्हणतो १,५४८, डीलर म्हणतो ११,००० – हा ट्रॅव्हल ट्रेलर माझ्या ट्रकला झेपेल का?

फ्रिस्को_सांगली

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसच्या वर फ्रिस्कोला राहतो. मे महिन्यात आईबाबा सांगलीहून येतायत, सहा महिने मुक्काम आहे, आणि बाबांच्या मनात केव्हापासून आहे की एकदा कोलोरॅडोचे डोंगर निवांत बघायचे. आईचे गुडघे दुखतात, बाहेरचं जेवण तिला दोन दिवसांच्या वर झेपत नाही, रोज नव्या हॉटेलात बॅगा चढवा-उतरवा हे तर जमणारच नाही, त्यामुळे ट्रॅव्हल ट्रेलर (ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) घ्यायचं जवळजवळ ठरलंय, म्हणजे स्वतःचा गॅस, स्वतःचं टॉयलेट, दुपारी पाठ टेकायला स्वतःचा बेड.

ट्रक आहेच घरी. २०२१ ची फोर्ड एफ-१५० पिकअप, सुपरक्रू (चार दारांची मोठी केबिन), फोर बाय फोर, ३.५ इकोबूस्ट (टर्बो इंजिन). टोइंग रेटिंग, म्हणजे जास्तीत जास्त किती ओढू शकतो तो आकडा, ११,००० पाउंड. ट्रेलर बघितलाय तो ३२ फुटी बंकहाउस (बंक बेडवाला) आहे, ब्रोशरमध्ये ड्राय वेट (पाणी-सामान न भरता) ६,८०० आणि जीव्हीडब्ल्यूआर (सगळं भरून जास्तीत जास्त चालणारं वजन) ८,६००. डीलरकडचा माणूस म्हणाला अहो ११,००० ची ताकद आहे आणि हा ६,८०० चा, डोळे झाकून घ्या.

पण घरी येऊन ड्रायव्हरच्या दाराची चौकट बघितली तर तिथे दोन स्टिकर आहेत. एकावर पिवळी पट्टी, त्यात लिहिलंय की माणसं आणि सामान मिळून १,५४८ पाउंडांच्या वर जाता कामा नये. दुसऱ्यावर जीव्हीडब्ल्यूआर ७,०५०, आणि मागच्या ॲक्सलचं जीएडब्ल्यूआर (त्या ॲक्सलवर चालणारा जास्तीत जास्त भार) ३,८००. आता ११,००० खरं की १,५४८ खरं? ट्रेलर तर स्वतःच्या चाकांवर चालतो ना, मग त्याचं वजन ट्रकच्या पेलोडमध्ये, म्हणजे त्या १,५४८ मध्ये, कसं काय धरायचं? माझा ऑफिसातला मित्र म्हणतो मागच्या स्प्रिंगांना एअरबॅग (आधाराच्या हवेच्या पिशव्या) टाक, काम होईल. दुसरा म्हणतो सरळ ट्रक विकून पाऊण-टनी (एक वर्ग वरचा, जड पिकअप) घे. डोकं गरगरायला लागलंय. आम्ही जाणार पाच जण: मी १८०, बायको १४०, मुलगी ६५, बाबा १६०, आई १३५. जाणकारांनी जरा समजावून सांगा प्लीज.

घाटरस्ता_डेन्व्हर

दोन्ही आकडे खरे आहेत, पण तुमच्या कामाचा आकडा १,५४८ चा. अकरा हजार हा त्या मॉडेलचा आकडा आहे, १,५४८ हा *तुमच्या* ट्रकचा, कारखान्यातून जे जे ऑप्शन लागून तो बाहेर पडला ते सगळं धरून. सनरूफ, मोठी चाकं, पॉवर सीट, प्रत्येक गोष्टीने तो आकडा खाली येतो, म्हणूनच शेजारच्या घरी दिसायला अगदी सेम ट्रक असला तरी त्याच्या दारावर १,७८० असू शकतं. आणि ट्रेलर ओढणाऱ्या बहुतेक अर्ध्या-टनी (तुमच्या एफ-१५० च्या वर्गातल्या) ट्रकमध्ये सगळ्यात आधी पेलोडच संपतो, टोइंग रेटिंगपर्यंत पोचायची वेळच येत नाही.

आता ट्रेलरचं वजन ट्रकवर कसं येतं ते. ट्रेलर पूर्णपणे स्वतःच्या चाकांवर नसतो, त्याचं नाक तुमच्या हिचच्या (ट्रकमागच्या जोडणीच्या) बॉलवर टेकलेलं असतं. त्याला टंग वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरला हे भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं, १३ टक्के धरून चाला. १० च्या खाली गेलं की ट्रेलर मागे शेपटी हलवायला लागतो आणि ते फार वाईट, त्यामुळे नाक हलकं करून पेलोड वाचवू हा विचार मनात आणूच नका.

ब्रोशरमधलं ड्राय वेट विसरून जा. त्या वजनाचा ट्रेलर रस्त्यावर कधीच धावत नाही. गॅसचे दोन सिलिंडर (भरलेला २० पाउंडी सिलिंडर सगळा मिळून ३७ च्या आसपास जातो), बॅटऱ्या, या दोन्ही गोष्टी बरोबर नाकावरच बसतात. मग पाणी, एक गॅलन ८.३ पाउंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० गेले. भांडीकुंडी, कुकर, मिक्सर, पाच जणांची अंथरुणं-पांघरुणं, तांदूळ-पीठ, खुर्च्या, पाण्याचे आणि सीवरचे पाइप, लेव्हल करायचे ठोकळे. आपली माणसं म्हणजे चार दिवसांना निघाली तरी पंधरा दिवसांचा शिधा भरणार. ६,८०० चा ट्रेलर सहज ८,००० ला जातो.

८,००० चे १३ टक्के म्हणजे १,०४०. आता तुमचा हिशेब मांडा. माणसं ६८०. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (नाकाचा भार वाटून देणारी सळयांची जोडणी) स्वतःच ९० च्या आसपास. ट्रकच्या मागच्या हौद्यात थोडं सामान धरा १५०. झाले ९२०. १,५४८ मधून ९२० गेले, राहिले ६२८. आणि नाक बसणार १,०४० चं. चारशेच्या वर जास्त होतंय. डीलरच्या बोलण्यावर जाऊ नका, त्याला ट्रेलर गळ्यात मारायचाय, तुमच्या दाराचा स्टिकर त्याने उघडून बघितला का ते विचारा एकदा.

बाणेर_ते_ट्रॉय

मी इथे मिशिगनमध्ये गाड्यांच्या टेस्टिंगमध्येच काम करतो म्हणून थोडं मागचं सांगतो, कारण अकरा हजार आकडा खोटा आहे असा कुणाचा समज व्हायला नको.

टोइंग रेटिंग कसं काढायचं याचा एक स्टँडर्ड आहे, एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेचा जे२८०७. त्याच्या आधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा छापायची. टोयोटाने २०११ च्या मॉडेलपासून हा स्टँडर्ड घेतला, बाकीच्या मोठ्या कंपन्यांचे अर्धे-टनी ट्रक २०१५ च्या सुमाराला त्यावर आले. त्यातली एक टेस्ट ॲरिझोनात डेव्हिस डॅमच्या चढावर होते, हायवे ६८, ११.४ मैलांचा सलग चढ, कडक उन्हात, एसी फुल ठेवून, आणि मागे दोनच चाकं असलेला ट्रक ताशी ४० मैलांच्या खाली येता कामा नये. म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, कूलिंग यांची चांगली परीक्षा असते ती. शिवाय हँडलिंगच्या, ब्रेकच्या आणि चढावर उभं करून परत निघण्याच्या टेस्ट वेगळ्या.

पण ट्रकमध्ये किती वजन धरतात ते बघा. ड्रायव्हर १५० पाउंड, शेजारी एक जण १५० पाउंड, हिचचं सामान ७० पर्यंत, आणि ट्रॅव्हल ट्रेलरसारख्या बॉलवर टेकणाऱ्या ट्रेलरचं टंग वेट १० टक्के. हौदा रिकामा, मागची सीट रिकामी. आता तुमचेच आकडे घाला: ११,००० चे १० टक्के १,१००, अधिक ३००, अधिक ७०, झाले १,४७०. तुमचा स्टिकर १,५४८. म्हणजे बसलं की नाही बरोबर? दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात, फक्त त्या ट्रकमध्ये दोन सडपातळ माणसं आहेत आणि तुमच्यात सगळं कुटुंब आहे. मागच्या सीटवर बसलेला माणूस हा ट्रेलरच्या नाकातून वजा होतो, आणि नाकातला एक पाउंड म्हणजे ट्रेलरचे सात-आठ पाउंड. बाबा बसले की ट्रेलर बाराशे पाउंडांनी लहान झाला पाहिजे, इतका सरळ हिशेब आहे.

एअरबॅगचं: मागचं बूड खाली बसलं असेल तर ते वर उचलतील, एवढंच. ॲक्सल तोच, बेअरिंग तीच, टायर तेच, ब्रेक तेच, फ्रेम तीच. जीव्हीडब्ल्यूआर त्याने बदलत नाही, कुठलाही ॲक्सेसरीवाला तो बदलू शकत नाही. उलट ट्रक सपाट उभा दिसतो म्हणून लोकांना वाटतं सगळं ठीक आहे, आणि पुढची चाकं मात्र हलकी झालेलीच असतात. जड टायर टाकले, एलटी, लोड रेंज ई, तर गाडी कमी डुलते हे खरं, मला ते आवडतातही, पण पेलोड त्यानेही वाढत नाही.

शिरोळ_सॅन_अँटोनियो

पुढच्या चाकांचं त्यांनी म्हटलं ते जरा फोडून सांगतो. आपल्याकडे ऊस भरलेली ट्रॉली बघितली असेल, मागे भार जास्त पडला की ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं आणि स्टिअरिंग फिरवलं तरी चाक वळत नाही. ट्रकचं तेच होतं, फक्त डोळ्याला दिसत नाही.

बॉल मागच्या ॲक्सलच्या साधारण पाच फूट मागे असतो, ट्रकचा व्हीलबेस बारा फूट. बॉलवर १,००० पाउंड टेकले की मागच्या ॲक्सलवर १,००० नाही, १,४०० च्या वर येतात, आणि पुढच्या ॲक्सलवरून ४०० उचलले जातात. मागच्या ॲक्सलचं रेटिंग तुमचं ३,८०० आहे. म्हणून पेलोडमध्ये बसलं तरी ॲक्सल वेगळा बघावाच लागतो. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचच्या त्या दोन सळया ताणून हेच करतात, मागचा भार थोडा पुढच्या चाकांवर परत ढकलायचा आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर. पण ती काही वजन नाहीसं करत नाही, आणि पेलोडचा हिशेब करताना टंग वेट पूर्णच धरायचं.

हिचच्या रिसीव्हरवर (बॉलचा दांडा अडकवायची चौकोनी नळी) पण एक स्टिकर असतो, ट्रकखाली वाकून बघा. एफ-१५० ला साध्या बॉलवर ५,००० पाउंडांचा ट्रेलर आणि ५०० चं नाक, त्याच्या वर गेलात की वेट डिस्ट्रिब्यूशन सक्तीचं. तो हवा तर घ्या असा प्रकार नाहीये.

ह्यूस्टन_निवांत

उगाच घाबरवताय त्यांना. माझ्याकडे पण अर्धा-टनी आहे, ट्रेलर भरून ८,००० च्या पुढे आहे, गॅल्व्हस्टनला, कॉर्पस क्रिस्टीला नेहमी जातो, इंजिनाला कळत पण नाही मागे काही आहे म्हणून. या आकड्यांमध्ये कंपन्या भरपूर मार्जिन ठेवतात, सगळ्यांना माहितीये. आणि पोलीस काय ट्रॅव्हल ट्रेलर काट्यावर घालत बसत नाहीत.

घाटरस्ता_डेन्व्हर

@ह्यूस्टन_निवांत, इंजिनाला कळत नाही हे मला मान्यच आहे, इकोबूस्ट ओढेलच. पण ओढणं वेगळं आणि आवरणं वेगळं. गॅल्व्हस्टनचा रस्ता ताटासारखा सपाट आहे. यांना फ्रिस्कोहून कोलोरॅडोला यायचंय, म्हणजे २८७ ने अमरिलो, तिथे पॅनहँडलमध्ये (टेक्सासचा उत्तरेकडचा सपाट पट्टा) आडवा वारा असा असतो की रिकामा ट्रकसुद्धा ढकलला जातो, आणि ३२ फुटी ट्रेलर म्हणजे त्या वाऱ्याला उभी भिंत. मग रॅटन पास हा घाट, ७,८३४ फूट. त्याच्या पुढे आय-७० ला आयझेनहॉवर टनेल ११,००० फुटांच्या वर, आणि टनेलमधून बाहेर पडलं की मैलोगणती ७ टक्क्यांपर्यंतचा उतार. मी त्या रस्त्याने नेहमी जातो, ब्रेकचा जळका वास खाली गावात यायच्या आधी नाकात येतो, आणि ट्रक पळून गेला तर घालायचे वाळूचे रॅम्प काय शोभेला बांधलेले नाहीत. त्या उतारावर पुढची चाकं हलकी, मागचा ॲक्सल रेटिंगच्या वर, आणि बाजूने अठरा चाकी कंटेनर वारा मारत गेला, तेव्हा कंपनीने किती मार्जिन ठेवलंय ते शोधायची माझी इच्छा नाही, आणि त्यांच्या मागच्या सीटवर त्यांचे आईबाबा असणारेत. पोलीस विचारत नाहीत हे खरं. अपघात झाला तर समोरच्याचा वकील मात्र पहिलं हेच विचारेल, आणि स्टिकर तुमच्या दारावरच चिकटवलेला आहे.

उंचीचं पण एक: फोर्डच्या टोइंग गाइडमध्ये दर १,००० फुटांना ट्रक-ट्रेलर मिळून वजन २ टक्क्यांनी कमी धरा असं लिहिलंय. टर्बोला उंचीचा त्रास कमी होतो, पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

ह्यूस्टन_निवांत

ठीक आहे, डोंगराचं मी धरलं नव्हतं. तरी मी म्हणेन की एकदा काट्यावर नेऊन बघा, कागदावरच्या हिशेबापेक्षा ते बरं.

चुलीवरची_ताई

हे मात्र अगदी बरोबर, काट्यावर जाच. ट्रेलर विकत घ्यायच्या *आधी* जा, फक्त ट्रक घेऊन. टाकी फुल करायची, सगळ्यांना बसवायचं, सहलीला जे सामान ट्रकमध्ये जाणारे ते भरायचं.

लव्ह्ज, पायलट, फ्लाइंग जे अशा ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे वजनकाटा, असतो. मोठे ट्रक रांगेत असतात म्हणून बिचकायला होतं पण कुणी काही बोलत नाही. तीन पाट असतात जमिनीत, पहिल्यावर पुढची चाकं, दुसऱ्यावर मागची, तिसऱ्यावर ट्रेलरची. बाजूला खांबावर बटण असतं ते दाबायचं, आतून बाई विचारते पहिलं वजन की परत, कंपनीचं नाव विचारलं तर प्रायव्हेट म्हणायचं. मग ट्रक बाजूला लावून आत जाऊन पैसे देऊन पावती घ्यायची. फोनवरच्या ॲपने पण होतं. परत लगेच तोलायचं असेल तर पहिल्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

ट्रेलर घेतल्यावर तीन वेळा तोला: सळया ताणून ट्रक-ट्रेलर, सळया सैल सोडून ट्रक-ट्रेलर, आणि मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक. दुसऱ्यातली ट्रकची दोन्ही ॲक्सलची बेरीज घ्यायची, त्यातून नुसत्या ट्रकचं वजन वजा करायचं, उरलं ते तुमचं खरं टंग वेट. आणि पहिल्या पावतीतला पुढचा ॲक्सल नुसत्या ट्रकच्या जवळ आलाय की नाही बघा, किती जवळ यायला पाहिजे ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, सगळ्या कंपन्या पूर्ण शंभर टक्के परत आणा म्हणत नाहीत.

सासूसासरे आले की आम्ही पण ट्रेलर घेऊन जातो म्हणून एक सांगते. जड सामान ट्रकमधून काढून ट्रेलरच्या चाकांच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे ठेवा. मी तांदळाचं पोतं, कुकर, बीडाचा तवा सगळं मधल्या कपाटात ठेवते. मागच्या टोकाला काहीही जड नको. आणि पाण्याची टाकी कुठे आहे ते विचारा, चाकांच्या मागे असेल तर ती भरली की नाक हलकं होतं, पुढे असेल तर जड होतं. कॅम्पग्राउंडला हुकअप (पाण्या-विजेची जोडणी) असेल तर टाकी भरून नेण्यात अर्थच नाही, हात धुण्यापुरतं आणि आईंच्या टॉयलेटपुरतं पाणी ठेवा. ट्रेलरच्या दाराजवळ पण वजनाचा स्टिकर असतो हां, त्याच्यात किती सामान चालतं ते ब्रोशरपेक्षा खरं असतं.

फ्रिस्को_सांगली

काय बोलू, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. काल संध्याकाळी जाऊन आलो काट्यावर. आईबाबा अजून आलेले नाहीत म्हणून त्यांच्या वजनाची पाण्याची कॅन आणि जिममधल्या प्लेटा मागच्या सीटवर ठेवल्या, मी, बायको, मुलगी होतोच, टाकी फुल, हौद्यात ताडपत्री, टूलबॉक्स, कूलर, लाकडं मिळून १५०. हौद्यावरचं कव्हर नंतर बसवलेलं आहे ६० चं, ते पण आलंच त्यात.

पावती: पुढे ३,४४०, मागे ३,०००, एकूण ६,४४०.

म्हणजे ७,०५० मधून ६,४४० गेले, राहिले ६१०. हिचचे ९० काढले तर ५२०. आणि ५२० हे १३ टक्के म्हटलं तर ट्रेलर भागिले करून येतो ४,००० चा. चार हजार! अकरा हजार ओढणारा ट्रक आणि आम्ही पाच जण बसलो की भरलेला चार हजारचा ट्रेलर. मी दोनदा कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. बायको शेजारी बसून पावती बघत होती, म्हणाली त्या ३२ फुट्याचं विसरा आता.

मग आता काय? पाऊण-टनी घेऊ का? डिझेल घेतला तर एकदाच काम होईल असं वाटतंय. आणि आणखी एक, बायकोची मिनीव्हॅन आहे, ती म्हणते मी आईबाबांना घेऊन व्हॅनमधून येते, तू आणि पोरगी ट्रकमधून या.

बाणेर_ते_ट्रॉय

पाऊण-टनी डिझेल म्हणजे पेलोडची चिंता मिटली असं समजू नका. डिझेल इंजिन वजनाला फार जड, त्यात फोर बाय फोर, क्रू कॅब, वरची ट्रिम, आणि जीव्हीडब्ल्यूआर १०,००० वर अडवलेला, की पेलोड दोन हजारांच्या आसपास उतरतो. तोच ट्रक पेट्रोल इंजिनवर साध्या ट्रिममध्ये घेतला तर तीन हजारांच्या पुढे जातो. डीलरच्या लॉटमध्ये जाऊन पाच ट्रकची दारं उघडा आणि स्टिकर वाचा, विकणाऱ्याला काही विचारूच नका. आणि ज्याचा जीव्हीडब्ल्यूआर १०,००० च्या वर आहे त्याला तो पिवळ्या पट्टीचा स्टिकर लावायचं बंधन नाही, तिथे जीव्हीडब्ल्यूआर वजा काट्यावरचं वजन असा हिशेब स्वतः करायचा.

पण माझं स्पष्ट मत, सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी चांगला ट्रक मोडीत काढू नका. बायकोची आयडिया सोन्यासारखी आहे.

घाटरस्ता_डेन्व्हर

हो, आणि तिचा हिशेब करून बघितला तर फरक केवढा पडतो बघा. व्हॅनमध्ये आईबाबा तर गेलेच, पण चालवायला वहिनी पण गेल्या. १३५, १६० आणि १४०, म्हणजे ४३५ पाउंड ट्रकमधून उतरले. ५२० चे ९५५ झाले. हौद्यातले १५० ताईंनी सांगितलं तसे ट्रेलरच्या चाकांवर नेऊन ठेवले की १,१०५.

आता १,१०५ ला १३ टक्क्यांनी ८,५०० येतात, म्हणजे कागदावर तो ३२ फुटी परत बसतोय, पण त्याला हात लावू नका. १३ चे १४-१५ झाले की संपलं, आणि आईबाबा परत गेल्यावर तुम्ही तिघं एका ट्रकमधून निघालात की परत जास्त होणार. ७,००० जीव्हीडब्ल्यूआरचा बघा, २५-२६ फुटांपर्यंत मिळतो, एक डबल बेड, बंक आणि डायनेटचा (जेवणाच्या टेबलाचा होणारा) बेड, पाच जण झोपतात. ७,००० पूर्ण भरला आणि नाक १५ टक्के निघालं तरी १,०५० होतात, ते १,१०५ मध्ये आहेत. आणि पुढे तुम्ही तिघं एकाच ट्रकमध्ये असाल तेव्हा, हौदा रिकामा ठेवलात तर ९६५ शिल्लक राहतात, १३ टक्क्यांनी ९१० लागतात. म्हणजे दोन्हीकडे भागतं. मी ट्रेलर निवडताना ड्राय वेट बघतच नाही, जीव्हीडब्ल्यूआरवरच हिशेब करतो, म्हणजे कुणी शेवटच्या क्षणी दोन बॅगा टाकल्या तरी पोटात गोळा येत नाही.

ट्रकमध्ये ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक चालवणारं यंत्र) फॅक्टरीचा असेल तर तो सेट करा, मोकळ्या पार्किंगमध्ये हळू चालवून ट्रेलरचे ब्रेक चाकं न अडकता नीट धरतायत का बघा. उताराला टो-हॉल मोड (ओझं ओढताना लावायचा गिअरबॉक्सचा मोड), आणि वेग उतार सुरू व्हायच्या आधीच कमी करा, इंजिनाने धरू द्या, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ट्रेलरचे एसटी (खास ट्रेलरसाठीचे) टायर कित्येकदा ६५ मैलांपर्यंतचेच असतात, टायरवर बघून घ्या, टेक्सासात बाकीचे ८० ने गेले तर जाऊ देत.

चुलीवरची_ताई

व्हॅनचा आणखी एक फायदा, कॅम्पवर ट्रेलर लावला की आजीआजोबांना फिरवायला व्हॅन बरी पडते. ट्रकवर चढायचं म्हणजे आईंच्या गुडघ्यांना त्रासच. आणि ट्रेलर बघायला जाल तेव्हा आईंसाठी दाराच्या पायऱ्या बघा, घडीच्या लटकत्या पायऱ्या असतात त्या नकोत, खाली जमिनीवर टेकणाऱ्या घ्या, एका बाजूला पकडायला दांडा पाहिजेच. टॉयलेटमध्ये बसून बघा, गुडघे समोरच्या भिंतीला लागतात का ते.

फ्रिस्को_सांगली

ताई हे पायऱ्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी २५ फुटी एक बघायला जातोय, जीव्हीडब्ल्यूआर ६,९५०. फोनवर त्यांनी परत ड्राय वेट सांगायला सुरुवात केली, मी म्हटलं दाराजवळच्या स्टिकरचा फोटो पाठवा. पाठवलाय. पाण्याची टाकी चाकांच्या पुढे आहे म्हणाले, ते तिथे गेल्यावर खाली वाकून बघतो. घेतला तर तीनही पावत्या इथे टाकतो, सळया कितव्या कडीला लावायच्या ते तेव्हा विचारेन.